जुळणी नसलेल्या नोंदी कशा शोधायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या उपनगरांतल्या काही गृहनिर्माण सोसायट्यांच्या हिशेबाचे डेटाबेस मी सांभाळते. ३१ मार्च उलटला की खजिनदारांचे फोन सुरू होतात आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये, वार्षिक सर्वसाधारण सभा तोंडावर आली की. प्रश्न फिरून तिथेच येतात: कोणाचं मेंटेनन्स आलेलं नाही ते कसं काढायचं? क्वेरी (डेटाबेसला एसक्यूएल या भाषेत विचारलेला प्रश्न) चालते, पण भलतीच घरं का दाखवते? गेल्या काही वर्षांत आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सगळ्या उत्तरांत मुख्य टेबलं दोनच धरली आहेत. सदनिका या टेबलात क्रमांक, मालक आणि ताबा_महिना. पावत्या या टेबलात पावती_क्र, सदनिका_क्र, महिना, रक्कम, चेक_क्र आणि रद्द. महिना म्हणजे त्या महिन्याची १ तारीख. क्वेरी वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत. मशीनवर सिलेक्ट, फ्रॉम, जॉइन हे शब्द अर्थातच रोमन लिपीत टाकायचे.

१. जुळणी नसलेली नोंद म्हणजे नेमकं काय?

एका टेबलात आहे, पण दुसऱ्या टेबलात जिचा जोडीदार नाही, ती नोंद. सदनिका टेबलात 'ए-३०१' आहे आणि पावत्यांमध्ये 'ए-३०१' कुठेच नाही, तर ए-३०१ जुळणीविना राहिली. उलटंही होतं: पावती आहे, पण तिच्यावरचा सदनिका क्रमांक आपल्या यादीत नाही. अशा पावतीला आम्ही अनाथ नोंद म्हणतो (प्रश्न १४).

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. न आलेल्या पैशाची नोंद कुठेच नसते. पावत्यांचं टेबल कितीही चाळलं तरी न फाडलेली पावती त्यात सापडणार नाही. म्हणून आधी 'काय असायला हवं' याची यादी हातात लागते आणि मग त्यातून 'काय आहे' ते वजा करायचं. पुढच्या निम्म्या चुका ही पहिली यादी अपुरी असल्यामुळे होतात.

२. मी दोन्ही टेबलं जॉइन केली, तरी थकबाकीदार दिसत नाहीत. असं का?

तुम्ही साधं, म्हणजे इनर जॉइन केलंत. ते दोन्हीकडे असलेल्या जोड्याच देतं. ज्यांची पावती नाही त्यांची जोडी लागत नाही आणि ते निमूटपणे गळतात. तुम्हाला हवे होते नेमके तेच.

३. मग सर्वांत सोपी क्वेरी कोणती?

लेफ्ट जॉइन करा आणि उजवी बाजू रिकामी आहे का ते पाहा:

```
सिलेक्ट स.क्रमांक, स.मालक
फ्रॉम सदनिका स
लेफ्ट जॉइन पावत्या प
  ऑन प.सदनिका_क्र = स.क्रमांक
व्हेअर प.पावती_क्र इज नल
```

इथे स आणि प ही दोन्ही टेबलांची टोपणनावं आहेत. लेफ्ट जॉइन डावीकडची एकही सदनिका सोडत नाही. पावती सापडली तर शेजारी लावतं, नाही सापडली तर पावतीचे सगळे स्तंभ नल, म्हणजे रिकामे, करून ठेवतं. शेवटची ओळ फक्त ती रिकामी शेजारं निवडते. 'इज नल'च्या जागी '= नल' लिहू नका. ती तुलना कधीच खरी ठरत नाही (कारण प्रश्न ७ मध्ये).

४. 'इज नल' कोणत्या स्तंभावर लावायचं? कुठलाही चालतो का?

नाही. उजव्या टेबलातला जो स्तंभ मुळात कधीच रिकामा असू शकत नाही, त्यावरच लावायचं. प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख असलेला स्तंभ) सर्वांत उत्तम, म्हणजे इथे पावती_क्र. जोडणीचा स्तंभही चालतो, कारण तो नल असता तर जोडी लागलीच नसती.

हे मी माझ्या चुकीतून शिकले. सुरुवातीच्या दिवसांत एका सोसायटीसाठी यादी काढताना मी 'प.चेक_क्र इज नल' लिहिलं होतं. पूर्वी सगळे चेकनेच पैसे भरत, त्यामुळे वर्षभर काही बिघडलं नाही. मग लोक यूपीआयने भरू लागले. त्या पावत्यांना चेक क्रमांक नव्हताच. पैसे भरलेली घरं थकबाकीदारांच्या यादीत गेली आणि यादी लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर लागली. तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त शिक्षक, ज्यांनी आयुष्यात कधी तारीख चुकवली नव्हती, मोबाइलवरचा बँकेचा मेसेज घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "बाई, माझं नाव खाली काढा." त्यांचं नाव बोर्डावर दोन दिवस होतं. तेव्हापासून बोर्डावर लावायची यादी मी दोन वेगळ्या पद्धतींनी काढते आणि दोन्ही एकसारख्या आल्या तरच छापायला देते.

५. एप्रिल महिन्याची अट घातली आणि उत्तर शून्य ओळी आलं. सगळ्यांनी पैसे भरले का?

बहुधा नाही. तुम्ही अट व्हेअरमध्ये घातली असणार:

```
व्हेअर प.महिना = '२०२५-०४-०१'
  अँड प.पावती_क्र इज नल
```

ज्या घराची पावती नाही त्याचा प.महिना नल आहे. नल हा एप्रिल नाही. म्हणजे पहिली अट ज्यांना ठेवते त्यांना दुसरी काढते आणि दुसरी ज्यांना ठेवते त्यांना पहिली. अट ऑनमध्ये हलवा:

```
लेफ्ट जॉइन पावत्या प
  ऑन प.सदनिका_क्र = स.क्रमांक
  अँड प.महिना = '२०२५-०४-०१'
  अँड प.रद्द = 'नाही'
व्हेअर प.पावती_क्र इज नल
```

माझा नियम असा: उजव्या टेबलाविषयीच्या अटी ऑनमध्ये, डाव्या टेबलाविषयीच्या व्हेअरमध्ये. 'फक्त ए विंग दाखवा' ही डाव्या टेबलाची अट, ती व्हेअरमध्येच हवी. ऑनमध्ये टाकलीत तर ए विंगची जोडणी नीट होईल, पण बी विंगची सगळी घरं, भरलेली आणि न भरलेली, थकबाकीदार म्हणून बाहेर येतील.

रद्दचीही अट लागते, कारण चेक परत आला की पावती रद्द होते, पण ओळ टेबलात राहते. ती अट विसरलात तर चेक बाउन्स झालेलं घर भरलेलं दिसतं. आणि रद्द हा स्तंभ रिकामा राहू देऊ नका, नोंद होताना आपोआप 'नाही' पडेल असं करा. तो नल असेल तर "रद्द = 'नाही'" खरं ठरत नाही आणि व्यवस्थित पैसे भरलेलं घर यादीत येतं.

६. नॉट एक्झिस्ट्स वापरू की लेफ्ट जॉइन?

उत्तर दोन्हींचं एकच येतं. मी नॉट एक्झिस्ट्स वापरते, कारण ते मराठी वाक्यासारखं वाचता येतं: 'अशा सदनिका द्या, की जिच्यासाठी पावती अस्तित्वात नाही.'

```
सिलेक्ट स.क्रमांक फ्रॉम सदनिका स
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (
  सिलेक्ट १ फ्रॉम पावत्या प
  व्हेअर प.सदनिका_क्र = स.क्रमांक
    अँड प.महिना = '२०२५-०४-०१'
    अँड प.रद्द = 'नाही')
```

इथे ऑन की व्हेअर हा घोळच उरत नाही आणि 'इज नल' कशावर लावायचं हा प्रश्नही पडत नाही. आतल्या 'सिलेक्ट १' मधल्या १ ला काही अर्थ नाही, ओळ आहे की नाही एवढंच तपासलं जातं. डेटाबेस चालवणाऱ्या प्रणालींपैकी पोस्टग्रेस, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर आणि मायएसक्यूएल ८.०.१७ पासून पुढच्या आवृत्त्या याचं आतून अँटी जॉइन (जोडी नसलेल्याच ओळी ठेवणारं जॉइन) करतात, त्यामुळे वेगाची काळजी नको. लेफ्ट जॉइनची पद्धत मी पडताळणीसाठी ठेवते.

७. नॉट इन वापरलं तर एकही ओळ येत नाही. थकबाकीदार तर डोळ्यांसमोर आहेत!

सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न हाच. क्वेरी साधारण अशी असते:

```
सिलेक्ट क्रमांक फ्रॉम सदनिका
व्हेअर क्रमांक नॉट इन
  (सिलेक्ट सदनिका_क्र फ्रॉम पावत्या)
```

तुमच्या पावत्यांमध्ये कुठेतरी एक ओळ अशी आहे, जिचा सदनिका_क्र नल आहे. हमखास सापडणारी जागा म्हणजे यूपीआयने आलेली, कोणाची ते न कळलेली रक्कम, जी खजिनदारांनी 'नंतर बघू' म्हणून तशीच चढवली.

आता ए-३०१ साठी डेटाबेस काय तपासतो ते पाहा. यादी आहे ए-१०१, ए-१०२ आणि नल. तो विचारतो: ए-३०१ हे ए-१०१ पेक्षा वेगळं आहे का? हो. ए-१०२ पेक्षा? हो. नलपेक्षा? सांगता येत नाही. एसक्यूएलमध्ये नल म्हणजे शून्यही नाही आणि कोरी अक्षरओळही नाही. नल म्हणजे 'माहीत नाही'. ती कोणाची तरी रक्कम आहे, कदाचित ए-३०१ चीच असेल. म्हणून एकूण उत्तर 'अज्ञात' आणि व्हेअर फक्त 'खरं' असलेल्या ओळी ठेवतं. खरं, खोटं आणि अज्ञात अशी ही तीन मूल्यांची तर्कपद्धती आहे. एका नलमुळे प्रत्येक सदनिकेचं उत्तर 'अज्ञात' किंवा 'खोटं' होतं आणि यादी कोरी येते.

घाईत असाल तर आतल्या क्वेरीत 'व्हेअर सदनिका_क्र इज नॉट नल' जोडा. पण मी सांगेन की नॉट इनची सवयच सोडा आणि प्रश्न ६ ची पद्धत घ्या. आज स्तंभात नल नाही म्हणून उद्या नसेल असं नाही. आणि चुकीची यादी आली तर निदान कोणी तक्रार करतं, कोरी यादी आली तर सगळे खूश होतात आणि चूक महिनोन्‌महिने तशीच राहते.

ओरॅकलवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं: तिथे कोरी अक्षरओळसुद्धा नलच धरली जाते.

८. नल एकही नाही हे तपासलं, तरी नॉट इन शून्य ओळीच देतं. आता?

आतल्या क्वेरीतल्या स्तंभाचं नाव तपासा. तुम्ही 'सिलेक्ट क्रमांक फ्रॉम पावत्या' लिहिलंय का? पावत्यांमध्ये क्रमांक नावाचा स्तंभच नाही. तरी चूक दाखवली जात नाही, कारण आत नाव सापडलं नाही की डेटाबेस बाहेरच्या टेबलात शोधतो आणि सदनिकेतला क्रमांक उचलतो. प्रत्येक सदनिका स्वतःशीच ताडली जाते, स्वतःशी जुळते आणि नॉट इनमध्ये काही उरत नाही.

हीच चूक डिलीट आणि इनबरोबर झाली तर सगळं टेबल पुसलं जातं. म्हणून आत आणि बाहेर, प्रत्येक स्तंभाआधी टेबलाचं टोपणनाव लावा. 'प.क्रमांक' लिहिलं असतं तर डेटाबेसने तिथेच अडवलं असतं.

९. एक्सेप्ट आणि मायनस काय करतात?

दोन याद्यांची वजाबाकी. सदनिकांच्या क्रमांकांतून पावत्यांवरचे क्रमांक वजा केले की उरलेले मिळतात. ओरॅकलमध्ये परंपरेने मायनस, इतरत्र एक्सेप्ट. मायएसक्यूएलमध्ये एक्सेप्ट ८.०.३१ या आवृत्तीपासूनच आहे. इथे दोन नल एकसारखे धरले जातात, त्यामुळे प्रश्न ७ चा सापळा नाही. पण दोन्ही बाजूंचे स्तंभ तेच लागतात, म्हणून मालकाचं नाव सोबत आणता येत नाही आणि दुहेरी ओळी आपोआप एक होतात. पडताळणीला छान, रोजच्या कामाला अपुरं.

१०. वर्षभरात कोणी कोणता महिना चुकवला, ते एका क्वेरीत मिळेल का?

मिळेल, पण प्रश्न १ मधलं वाक्य आठवा. इथे 'असायला हवं'ची यादी म्हणजे फक्त सदनिका नव्हेत. प्रत्येक सदनिका गुणिले प्रत्येक महिना, अशी ती यादी आहे. ७२ सदनिका आणि १२ महिने म्हणजे ८६४ जोड्या. त्या कुठल्याच टेबलात नसतात, तयार कराव्या लागतात. बारा ओळींचं एक महिने टेबल बनवा (पोस्टग्रेसमध्ये जनरेट_सिरीजनेही होतं) आणि क्रॉस जॉइन करा, म्हणजे प्रत्येक सदनिका प्रत्येक महिन्याशी जोडली जाते:

```
सिलेक्ट स.क्रमांक, म.महिना
फ्रॉम सदनिका स
क्रॉस जॉइन महिने म
व्हेअर म.महिना >= स.ताबा_महिना
  अँड नॉट एक्झिस्ट्स (
    सिलेक्ट १ फ्रॉम पावत्या प
    व्हेअर प.सदनिका_क्र = स.क्रमांक
      अँड प.महिना = म.महिना
      अँड प.रद्द = 'नाही')
ऑर्डर बाय स.क्रमांक, म.महिना
```

महिने सरळ पावत्यांमधूनच 'डिस्टिंक्ट' करून (प्रत्येक वेगळा महिना एकदाच निवडून) घेऊ नका. लॉकडाउनसारख्या काळात एखाद्या महिन्यात कोणाचीच पावती फाटली नसेल, तर तो महिना यादीत येणारच नाही आणि सगळी इमारत त्या महिन्यापुरती निर्दोष सुटेल.

ताबा_महिन्याची ओळ पुनर्विकास झालेल्या इमारतींसाठी अत्यावश्यक आहे. काही घरांचा ताबा जूनमध्ये, काहींचा ऑक्टोबरमध्ये. ती ओळ नसेल तर ताबा मिळण्याआधीचे महिनेही त्या कुटुंबाच्या नावावर थकबाकी म्हणून चढतात.

११. बँकेत पैसे आलेत, पण कोणाचे ते कळत नाही. दोन्ही बाजूंचं एकदम पाहता येईल?

फुल आउटर जॉइनने, ते दोन्ही टेबलांतली एकही ओळ सोडत नाही. बँकेच्या उताऱ्याचं टेबल एकीकडे, पावत्या दुसरीकडे, यूपीआय व्यवहार क्रमांकावर जोड आणि दोन्हींपैकी कुठलीही एक बाजू नल असलेल्या ओळी घ्या. मायएसक्यूएलमध्ये फुल आउटर जॉइन नाही, तिथे दोन दिशांच्या दोन क्वेरी युनियन ऑलने जोडा. एसक्यूलाइटमध्ये ते २०२२ च्या ३.३९ आवृत्तीपासून आहे.

रकमेवर जोडू नका. एकाच आकाराच्या घरांचं मेंटेनन्स सारखंच असतं, एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर जुळतात. पैसे पाठवणाऱ्याच्या नावावरही भिस्त नको. घर आईच्या नावावर आणि यूपीआय पुण्याच्या मुलाचं, हे प्रत्येक इमारतीत असतं.

१२. पावती डोळ्यांनी दिसते, तरी क्वेरी म्हणते जुळत नाही. काय चुकतंय?

दोन्हीकडचं लिखाण माणसाला सारखं दिसतं, संगणकाला नाही. मी या क्रमाने तपासते.

आधी अंक. एकाने इंग्रजी अंक टाकले, दुसऱ्याने देवनागरी. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या प्रमाणित यादीत, ही वेगवेगळी चिन्हं आहेत. मायएसक्यूएलची काही कोलेशन (अक्षरांच्या तुलनेचे नियम) त्यांना एकच धरतात, पोस्टग्रेसची नेहमीची तुलना धरत नाही. म्हणून एका मशीनवर जुळलेली यादी दुसऱ्यावर तुटते.

मग चिन्हं आणि मोकळ्या जागा: 'ए-३०१', 'ए/३०१', 'ए ३०१'. शेवटची मोकळी जागा ट्रिमने जाते, मधली जात नाही. मायएसक्यूएलची जुनी कोलेशन शेवटच्या मोकळ्या जागेकडे दुर्लक्ष करायची, ०९०० मालिकेतली नवी करत नाहीत. आवृत्ती बदलल्यावर अचानक नोंदी जुळेनाशा झाल्या तर आधी हे पाहा.

आणि मग आपली लिपी. 'ॲनेक्स' मधला ॲ दोन प्रकारे टंकता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा अ वर चंद्र देऊन. पडद्यावर दोन्ही एकसारखे. युनिकोडच्या सामान्यीकरणानेही (समतुल्य रूपं एका रूपात आणण्याच्या क्रियेनेही) ते एक होत नाहीत, कारण युनिकोड त्यांना समतुल्य मानतच नाही. ते तुम्हालाच रिप्लेसने बदलावे लागतात. ऱ चं मात्र उलट आहे: एकसंध ऱ आणि र खाली नुक्ता ही रूपं सामान्यीकरणाने एक होतात. शंका आली की दोन्ही शब्दांची लांबी काढून पाहा. 'ॲनेक्स'ची लांबी दोन ठिकाणी वेगळी आली की चोर सापडला.

कायमचा उपाय एकच: नावांवर आणि हाताने टंकलेल्या मजकुरावर जोडणी नको. सदनिकेला ठरावीक क्रमांक द्या आणि पावती करताना तो यादीतून निवडायला लावा.

याच्या उलट चूक जास्त घातक आहे. विंग सोडून नुसत्या ३०१ वर जोडलंत, तर ए विंगमधल्या ३०१ ची पावती बी विंगमधल्या ३०१ ची थकबाकी झाकते. विंग वेगळ्या स्तंभात असेल तर दोन्ही स्तंभांवर जोडा.

१३. पावती पुस्तकातला गहाळ क्रमांक शोधता येईल का?

येईल, टेबल स्वतःशीच ताडून. ज्या पावतीच्या पुढचा क्रमांक अस्तित्वात नाही, ती शोधा:

```
सिलेक्ट प.पावती_क्र + १
फ्रॉम पावत्या प
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (
  सिलेक्ट १ फ्रॉम पावत्या पुढची
  व्हेअर पुढची.पावती_क्र = प.पावती_क्र + १)
```

शेवटच्या पावतीपुढचा क्रमांक नेहमीच येईल, तो सोडून द्या. १४५ आणि १४६ दोन्ही गहाळ असतील तर फक्त १४५ दिसेल. सगळे हवे असतील तर प्रश्न १० सारखी क्रमांकांची पूर्ण यादी करून वजाबाकी करा.

१४. यादीत नसलेल्या घरांच्या पावत्या सापडल्या. डिलीट करू?

पैशांच्या नोंदी पुसू नका. प्रत्येक अनाथ पावतीमागे कोणीतरी दिलेले पैसे आहेत. बहुतेकदा क्रमांक टंकताना चुकलेला असतो, तो दुरुस्त केला की एक 'थकबाकीदार'ही कमी होतो. दुसऱ्या कुठल्या टेबलात खरोखर पुसायचंच असेल, तर आधी त्याच अटीने सिलेक्ट करून ओळी मोजा, ट्रान्झॅक्शन (परत फिरवता येणारा बदल) सुरू करा, डिलीटने तेवढ्याच ओळी गेल्या का पाहा. आकडा वेगळा आला तर रोलबॅक, म्हणजे बदल परत फिरवा.

पुढे अशा नोंदी होऊ नयेत म्हणून फॉरेन की लावा, म्हणजे यादीत नसलेला सदनिका क्रमांक डेटाबेस स्वीकारणार नाही. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते, डेटाबेसशी प्रत्येक कनेक्शन करताना ती सुरू करावी लागते. आणि फॉरेन की नलला अडवत नाही, त्यासाठी स्तंभ 'नॉट नल'ही करायला हवा.

१५. क्वेरी खूप हळू चालते.

पावत्यांवर सदनिका_क्र आणि महिना यांचा मिळून एक इंडेक्स (ओळी पटकन सापडण्यासाठीची सूची) करा. मायएसक्यूएलचं इनोडीबी (तिथलं नेहमीचं साठवणीचं इंजिन) फॉरेन कीसाठी इंडेक्स आपोआप करतं, पोस्टग्रेस करत नाही. एका सोसायटीच्या डेटाला फरक जाणवणार नाही, लाखो ओळी असतील तर लगेच जाणवेल.

१६. आमच्याकडे डेटाबेस नाही, एक्सेल आहे.

शेजारच्या स्तंभात काउंटइफ (त्या घराच्या पावत्या मोजणारं सूत्र) लावा, शून्य आलेली घरं निवडून घ्या. एक्सेलमधल्याच पॉवर क्वेरीत दोन याद्या मर्ज करताना 'लेफ्ट अँटी' हा पर्याय नेमका यासाठीच आहे. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेसमध्ये तर जुळणी नसलेल्या नोंदींसाठी तयार विझार्डच मिळतो. प्रश्न १२ मधल्या सगळ्या अडचणी इथेही तशाच येतात.

१७. पावती आहे, पण रक्कम अर्धीच आहे. असं घर कशात धरायचं?

वरच्या कुठल्याच क्वेरीत ते येणार नाही, कारण जुळणी आहे. इथे बेरीज लागते: आधी पावत्यांची सदनिका आणि महिन्यानुसार बेरीज करा, ती लेफ्ट जॉइनने बिलांच्या टेबलाला (कोणत्या घराचं, कोणत्या महिन्याचं, किती बिल) जोडा, नल आलेल्या बेरजेला कोअलेसने शून्य करा आणि बिलापेक्षा कमी असलेल्या ओळी घ्या. बेरीज जोडणीच्या आधीच करायची. बिलाच्या ओळींना पावत्या सरळ जोडून मग बेरीज केलीत, तर दोन हप्त्यांत पैसे दिलेल्या घराचं बिल दोनदा मोजलं जातं आणि पूर्ण पैसे भरूनही ते घर बाकीत दिसतं.

या दोन याद्या मी वेगळ्या कागदांवर देते. फरकबाकीच्या घरांना खजिनदार फोन करतात, बऱ्याचदा जुन्या दराने पैसे भरलेले असतात. एकही पावती नसलेल्या घरांची यादी आधी सेक्रेटरींच्या हातात जाते, मग एकेका घराची बेल वाजवून विचारलं जातं. बोर्डावर ती त्यानंतरच.